काठापासून चार हात

बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बेट एवढंसं आहे, की नाव लिहिलं तर तिथली निम्मी माणसं स्वतःला ओळखतील आणि उरलेली निम्मी 'आम्हाला का वगळलं' म्हणून रुसून बसतील. एवढंच सांगते, की ते कॅरिबियन समुद्रात आहे. त्यावर झेंडा अमेरिकेचा, नोटा अमेरिकेच्या, पोस्टाचे शिक्केही अमेरिकेचे, आणि तरी तिथली माणसं अमेरिकेला 'तिकडे' म्हणायची. तिकडून ऑर्डर आली, तिकडे ठरलं, तिकडचे साहेब येणार आहेत. आईला हे बोलणं पहिल्याच आठवड्यात कळलं. तिच्या माहेरी वस्तीतली माणसं असंच 'गावात ठरलं' म्हणायची, जणू ती स्वतः गावाबाहेरची होती. आणि होतीच ती गावाबाहेरची.

आम्ही तिथे गेलो ते बाबांच्या नोकरीमुळे. बाबा पाण्याचे इंजिनियर. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा एक कारखाना बेटावर होता, तिथे त्यांना तीन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालं होतं, आणि ते संपेपर्यंत आमच्या कायमच्या राहण्याचे कागद होतील असं ऑफिसनं सांगितलं होतं. नागपूरच्या क्वार्टरमधून आम्ही तिघं निघालो तेव्हा मी दहा वर्षांची होते. सामानात आईची पितळी कळशी होती. कस्टमच्या माणसानं ती उलटी करून पाहिली, वाजवून पाहिली आणि "ड्रम का?" असं विचारलं. बाबांनी "यस" म्हणून सुटका करून घेतली. कारखान्याचं गोडं पाणी बंदराच्या शहराला जायचं, मोठ्या दुकानांना जायचं, गोदीला जायचं. आमच्या खाडीकाठच्या वाडीला नळच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अख्ख्या बेटाला पाणी पाजणाऱ्या माणसाची बायको कळशी घेऊन विहिरीवर.

घर मिस आयव्हींचं होतं. त्या वरच्या बाजूला राहायच्या आणि खालच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. तिथे वडीलधाऱ्या बाईला नावापुढे 'मिस' लावूनच हाक मारायची, मग तिला नातवंडं का असेनात. आपल्याकडे 'काकू' म्हणतात तसंच. मिस आयव्ही उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्याला सदा रुमाल बांधलेला. तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. पहिल्या दिवशी त्या आमच्या पुढच्या खोलीत आल्या. भिंतीवर आईनं सगळ्यात आधी लावलेला निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो त्यांनी निरखून पाहिला आणि विचारलं, "तुझे वडील?" आईला इंग्रजी जेमतेम यायचं, पण हा प्रश्न तिला कळला. तिनं क्षणभरही न थांबता "यस" म्हटलं. मिस आयव्हींनी रुमाल सारखा केला आणि फोटोला मान लववली. त्यानंतर त्या घरात आल्या की आधी फोटोला 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या, मग आम्हाला.

सकाळी सगळ्यात आधी कोंबडे आरवायचे, मग खाडीवरून शंख ऐकू यायचा. मासळीची होडी आली की कोळी शंख फुंकत. पहिल्या दिवशी आई दचकून उठली आणि म्हणाली, "इथंही देऊळ हाय का?" मिस आयव्हींच्या अंगणात एक झुडूप होतं, लाल देठांचं. नाताळात त्याच्या लाल बोंडांचं आंबटगोड सरबत करायची तिथली रीत. आईनं ते झुडूप पाहिलं, पान तोडून चावलं आणि तिचे डोळे भरून आले. "अंबाडी!" त्या दिवशी तिनं मक्याच्या पिठाच्या भाकरी थापल्या आणि अंबाडीच्या पानांची, लसणाच्या फोडणीची भाजी केली. मिस आयव्हींना वाटीभर दिली. "पानं खायची?" त्या संशयानं म्हणाल्या, आणि मग वाटी बोटानं पुसून परत दिली. आता इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या इंडियन ग्रोसरीत, अंबाडी जुडीनं मिळते. मी घेतेही, पण ती फ्रीजमध्ये अर्धी सुकते. तेवढ्या भुकेनं खाणारं घरात आता कोणी नाही.

तिथे प्रत्येक घराखाली टाकी असते, छपरावरचं पाणी तिच्यात साठवतात. आमच्या टाकीत डास खायला सोडलेले दोन मासे होते. पण पाऊस महिनोन् महिने आला नाही की टाकीचा आवाज पोकळ व्हायचा, आणि मग वाडीची जुनी दगडी विहीर. तिथे पहिल्यांदा गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मिस आयव्ही पाणी शेंदत होत्या. त्यांनी हातानं खूण केली, "ये, हवं तेवढं घे." मी आईला सांगितलं, "घे म्हणतायत." आई पुढे गेली आणि काठापासून चार हातांवर थांबली. कळशी दोन्ही हातांनी पुढे धरून, मान थोडी खाली घालून उभी राहिली. मिस आयव्ही थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग त्यांनी आपला पोहरा आणून आईच्या कळशीत ओतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. "त्या बाईचं काही म्हननं नाई ना?" आई मला विचारायची. "नाही गं, घे म्हणतात, किती वेळा सांगू!" मी चिडून म्हणायची. आई हो म्हणायची, निघायची, आणि तिचे पाय बरोबर चार हातांवर थांबायचे. लग्नानंतर नागपुरात नळच होता, त्यामुळे इतकी वर्षं तिचा विहिरीशी संबंधच आला नव्हता. जे ती विसरली असं तिला वाटत होतं, ते तिचे पाय विसरले नव्हते.

हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त लाज वाटायची. आणि मिस आयव्हींना जे कळायला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं कळलं. त्यांना वाटलं, ही बाई दोराला हात लावणं कमीपणाचं समजते, हिला पाणी भरून द्यायला मोलकरीण लागते. आठवड्याभरात अख्खी वाडी आईला 'क्वीनी' म्हणू लागली, राणीसाहेब. मिस आयव्हींची नात डेल्फीन माझ्याच वर्गात होती आणि माझी एकुलती एक मैत्रीण होती. तिनं मला शाळेच्या वाटेवर सरळ विचारलं, "तुझी आई अशी का उभी राहते? ग्रॅनी म्हणते, तिला नोकर हवेत." मला खरं माहीत होतं. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, ते मला सांगितलेलं होतं. आणि मी म्हटलं, "हो. आमच्याकडे पाणी ओतायला माणसं होती. आमचा राजवाडा होता." डेल्फीनचे डोळे एवढे मोठे झाले की मी भरीला एक हत्तीही घातला. खोटं बोलायला एकदा जीभ सैल झाली की हत्तीसुद्धा मावतो.

दुसऱ्या वर्षी तिकडची एक कंपनी आली. आमच्या खाडीवर मोठं हॉटेल बांधायचं, धक्का बांधायचा. त्यासाठी विहिरीसकट किनारा हवा होता. बदल्यात वाडीतल्या प्रत्येक घराला नळ, फुकट पाणी, आणि हॉटेलात नोकऱ्या. आता यात वाईट काय, असं कोणी विचारलं तर मला आजही पटकन उत्तर देता येत नाही. डेल्फीनचे वडील कार्लटन वेल्डिंगचं काम करायचे आणि वर्षभर त्यांना काम नव्हतं. मिस आयव्हींची चार मुलं कामासाठी तिकडे गेली होती, ती नाताळच्या कार्डापुरती उरली होती. कार्लटन हे जवळ उरलेले शेवटचे. हॉटेल आलं नाही तर तेही जाणार आणि डेल्फीनला घेऊन जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मिस आयव्हींच्या मनात विहीर एका पारड्यात होती आणि मुलगा दुसऱ्यात. त्या दिवसांत त्यांनी फोटोला गुड मॉर्निंग म्हणणंही सोडलं होतं.

पाण्याच्या लाइनचा नकाशा बाबांच्या टेबलावर आला. एकदा दुपारी जेवताना ते आईला म्हणाले, "नळ खरंच देणार आहेत. पण वाडीच्या लाइनची चावी हॉटेलच्या कंपाउंडात दाखवलीय. चावी म्हणजे व्हॉल्व्ह. तो फिरवला की वाडीचं पाणी बंद. मी साहेबांना म्हटलं, वाडीत ठेवा, खर्च तेवढाच येतो. ते हसले. म्हणाले, तिकडे मंजूर झालंय. आणि जाहीर सभेत इंजिनियरांनी तोंड उघडायचं नाही, तुमचे कागद अजून व्हायचेत." आई भाकरी मोडत होती. बाबा फोटोकडे पाठ करून बसले होते, ते उठून दुसऱ्या बाजूला बसले, आणि मग तिथूनही उठले.

सभा शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये होती. पंखे फिरत होते, बाया पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. बाबा शेवटच्या रांगेत ऑफिसच्या लोकांबरोबर होते. आई आणि मी मधे, आमच्या पुढे मिस आयव्ही आणि डेल्फीन. कंपनीचा माणूस तरुण होता, हसरा होता, आणि खरं सांगायचं तर भला होता. त्यानं रंगीत चित्रं दाखवली. एका म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं, "आम्हाला विचारायला आलात, की सांगायला?" लोक हसले. तो तरुणही हसला आणि म्हणाला, "ऐकायला आलोय." मग कार्लटन उठले. "विहिरीनं आजवर कुणाला पगार दिलाय? मला सांगा. माझ्या मुलीला मी काय, बादलीभर पाणी देऊन वाढवू?" कोणी हसलं नाही. मिस आयव्ही समोर पाहत राहिल्या.

तेवढ्यात माझ्या शेजारी खुर्ची सरकली. आई उभी राहिली होती. ती मला म्हणाली, "त्यायले विचार, नळाची चावी कोनाच्या अंगनात राहीन?"

मी विचारलं. त्या तरुणानं नकाशा पाहिला आणि साधेपणानं म्हणाला, "हॉटेलच्या आवारात, अर्थातच. तिथे सुरक्षित राहील." मागे बाबांचे साहेब ज्या बाजूला बसले होते, तिथून कोणी तरी खाकरलं. मग तो तरुण अगदी सौजन्यानं म्हणाला, "पाणी तर तुम्हाला मिळणारच आहे, मॅडम. चावी कुठेही असली तर काय फरक पडतो?"

आईला मी सांगितलं. ती बोलू लागली, हळू, आमच्या वऱ्हाडी बोलीत, जशी ती घरात बोलायची. "आमच्या गावात इहीर होती. तिले आमाले हात लावू देत नव्हते. चार हात लांब उभं राहाचं, कळशी पुढं धराची. कोनाले दया आली त वरून पानी पडे."

सगळे माझ्याकडे पाहत होते. डेल्फीन वळून बसली होती, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवून. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाले, "आई म्हणते, आमच्या गावात लोक आमच्या कळशीत पाणी ओतत असत." शब्द न् शब्द खरा, आणि अख्खं वाक्य खोटं. हॉलमध्ये कोणी तरी "क्वीनी!" म्हणालं आणि खसखस पिकली. आईला बाकीचं कळलं नसेल, पण 'क्वीनी' कळत होतं. गेलं वर्षभर ते तिच्या पाठीमागून येत होतं. तिनं माझा हात धरला. रागानं नाही. रस्ता ओलांडताना धरायची तसा धरला. "जसं सांगतो तसंच सांग, पोरी. लाज आपल्याले काहून? आपन काय केलं?"

मग मी सांगितलं. विहीर, हात न लावू देणं, चार हात, दया. माझा आवाज इतका बारीक झाला होता की मागून कोणी "मोठ्यानं, चाइल्ड" म्हणालं, आणि मी मोठ्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई एकेक वाक्य देत होती, मी एकेक पुढे करत होते. "मी तहानेनं मेली नाई. पानी भेटलं मले. पन कधी भेटीन ते माह्या हातात नव्हतं. हे साहेब चांगले हायेत. पानी देतो म्हनतात. देतीन. पन वरून देतीन. साहेब बदलले, त कळशी धरून तुमी उभे रायसान." एवढं बोलून ती बसली. मी उभीच होते, कारण बसायचं सुचेना. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत आणखी एक माणूस उभा होता, हात बांधून, साहेबांच्या शेजारी. माझे बाबा.

मिस आयव्हींनी वळून आईकडे पाहिलं नाही. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, मांडीवर घडी केला, पुन्हा बांधला. कार्लटन अजून उभे होते. ते कंपनीच्या माणसाला म्हणाले, "मला हॉटेल हवंय. मी तिथे काम करीन. पण विहीर कुंपणाबाहेर आणि चावी आमच्याकडे. त्याशिवाय मी एक खिळा ठोकणार नाही." त्या दुपारी त्या हॉलमध्ये तेच ठराव म्हणून लिहिलं गेलं. 'खाडीचं पाणी खाडीची माणसं ठरवतील' असं वाक्य एका मास्तरांनी वर घातलं आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. ठरवण्याचा अधिकार त्यांना कागदोपत्री होता की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढे कित्येक महिने पत्रं तिकडे जात राहिली, तिकडून येत राहिली, आणि अखेर कंपनीनं मान्य केलं.

आता दर चार वर्षांनी माझ्या दारात मतपत्रिकेचा लिफाफा येतो. मी बाहेरून आलेली, शपथ घेऊन नागरिक झालेली. मी अध्यक्ष निवडते. डेल्फीन जन्मानं नागरिक, तिचे आजोबा या देशाच्या सैन्यात होते. ती बेटावर राहते म्हणून तिला ते मत नाही. मी हे एकदा फोनवर तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग नीट विचार करून टाक, माझ्याही वाटणीचं." मी नातवाला हे सांगायला गेले तर तो म्हणाला, "दॅट्स सो अनफेअर, आजी," आणि पुन्हा फोनमध्ये गेला. पण त्याला ते अनफेअर वाटलं, एवढ्यानंही मला बरं वाटलं.

त्या शनिवारी सभेनंतर घरी येताना बाबा आईच्या शेजारून चालत होते. दारात आल्यावर म्हणाले, "माझे कागद गेले बहुतेक. चहा ठेव." आई घाबरली, रडू लागली, "माह्यानं चूक झाली का?" बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात असं कोणी कोणाला दिवसाढवळ्या जवळ घेत नसे, म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहत राहिले. "जे मी बोलायला हवं होतं ते तू बोललीस," ते म्हणाले. काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही, ते खरंच. पुढचं वर्ष आम्ही कागदांच्या मागे धावण्यात आणि न्यू जर्सीतल्या एका नातलगाच्या तळघरात काढलं. बाबांना परत इंजिनियरचं काम मिळायला बराच काळ गेला. पण त्या चहाबद्दल ते शेवटपर्यंत सांगत, की तसा चहा पुन्हा झाला नाही.

त्याच संध्याकाळी डेल्फीन फाटकाशी उभी होती. मी खाली मान घालून गेले. "राजवाडा?" तिनं विचारलं.

"नव्हता."

"हत्ती?"

"तोही नव्हता."

"हत्तीचं मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि मला रडू फुटलं तेव्हा तिनं मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंख वाजला, आणि थोड्या वेळानं आमच्या दारावर थाप पडली. मिस आयव्ही होत्या. फोटोला गुड मॉर्निंग म्हणाल्या. मग आईला कळशी घ्यायची खूण केली आणि स्वतः आपली बादली घेऊन पुढे निघाल्या. मी मागे. विहिरीपाशी आई थांबली, तिथेच, चार हातांवर. मिस आयव्ही परत मागे आल्या, आईच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, ही विहीर माझ्या पणजोबांनी गुलाम असताना खणली. खणून झाल्यावर पहिलं पाणी मालकाची खेचरं प्यायली. आणि तिला सांग, वर्षभर मी तिला वाईट नावानं हाक मारली. हे नीट सांग. काही गाळू नकोस." मी नीट सांगितलं, काही गाळलं नाही. मिस आयव्हींनी आईचा दंड धरला आणि दोघी ते चार हात चालून गेल्या.

आईनं काठावर तळवा ठेवला. दगड तापायला लागला होता. तिनं तळवा बराच वेळ तिथेच ठेवला. मग दोर हातात घेतला आणि पोहरा सोडला. शेंदायची सवय नव्हती, पोहरा भिंतींवर आपटत निम्मा सांडत वर आला. मिस आयव्ही खो खो हसल्या, आणि आईही हसली, ओल्या पदरानं तोंड पुसत. मिस आयव्हींनी आपली बादली तिच्यापुढे धरली. आईनं पोहरा दोन्ही हातांनी उंच उचलला, तिनं लहानपणी पाहिला होता तसा, वरून ओतायला. आणि हात तिथेच थांबले. तिनं पोहऱ्याकडे पाहिलं, मिस आयव्हींच्या खाली धरलेल्या बादलीकडे पाहिलं. मग पोहरा हळूच काठावर ठेवला, त्यांच्याकडे सरकवला आणि मराठीत म्हणाली, "घ्या, तुमच्या हातानं घ्या."

ते मला इंग्रजीत सांगावं लागलं नाही.